पाणी देताना भिंतीकडे बघणारा

घरात कुणी आलं की माझा भाचा आधी पाणी आणतो. हे काम त्याला कुणी लावून दिलेलं नाही, त्यानेच ते आपल्याकडे घेतलंय. बारा वर्षांचा आहे. फुलपात्र दोन्ही हातांत धरून, सांडू नये म्हणून पाय घासत घासत तो पाहुण्यांपर्यंत येतो, हात पुढे करतो आणि नेमकी त्याच वेळी मान वळवून भिंतीकडे बघायला लागतो. फुलपात्र पाहुण्याकडे, तोंड कालनिर्णयकडे. पाहुण्याने ते हातात घेतलं की मान सरळ होते, आणि मग त्याला इतका आनंद होतो की दोन्ही हात खांद्यापाशी पंखांसारखे फडफडतात.

लोकांना यातली मान तेवढी दिसते. "नजर देत नाही हो हा." "देताना समोरच्याकडे बघावं, हे शिकवलं नाही का कुणी?" हे दुसरं वाक्य माझ्या बहिणीला तिच्याच घरात, त्याने दिलेलं पाणी पिता पिता ऐकवलं गेलेलं आहे. मी तिथेच बसले होते. मला तेव्हा उत्तर देता आलं नाही, कारण मलाही ते माहीत नव्हतं.

बहीण तासगावला दिलेली. घरची द्राक्षबाग. पहिला मुलगा झाला तेव्हा सगळं गाव पेढे खाऊन गेलं. मुलगा गोरा, गुबगुबीत, मऊ. हात हातात घेतला तर तळवा मखमलीसारखा लागायचा आणि बोटं मागे कितीही वाकायची, त्याचं आम्हाला कौतुकच होतं. चालायला दीड वर्ष उलटलं. कान सारखे फुटायचे. तीन वर्षांचा झाला तरी 'आई' आणि 'गाडी' यापुढे शब्द नाही. डॉक्टर म्हणाले, मुलगे उशिराच बोलतात. सासूबाई म्हणाल्या, याचा बापही उशिरा बोलला. त्यांनी दृष्ट काढली, नवस बोलल्या, मनापासून बोलल्या. पण आजूबाजूचे लोक काही नवसावर थांबत नाहीत. मोबाईल दिला असेल. आईचं लक्ष नसेल. गरोदरपणी ग्रहणात भाजी चिरली असेल. ही शेवटची गोष्ट बहिणीच्या मनात इतकी खोल गेली की एकदा रात्री अकरा वाजता फोन करून तिने मला विचारलं, "ताई, त्या दिवशी मी विळी घेतली होती का गं हातात? तुला आठवतंय?"

चौथ्या वर्षी 'ऑटिझम' असा कागद मिळाला. स्पीच थेरपी सुरू झाली, ऑक्युपेशनल थेरपी सुरू झाली, त्याचा उपयोगही झाला. पण असं का झालं, हे कुणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारायचं सोडून दिलं.

तो आठ वर्षांचा असताना पुण्यात एका डॉक्टरबाईंकडे गेलो. त्यांनी त्याचे कान पाहिले, तळपाय पाहिले, अंगठ्याच्या बुडाशी पडलेला घट्टा पाहिला. गोंगाट असह्य झाला की तो तिथे चावतो. मग फाईल बाजूला ठेवून त्यांनी बहिणीला विचारलं, "तुमच्या वडिलांचे हात थरथरतात का?"

आम्ही दोघी एकमेकींकडे बघायला लागलो. बाबांचे हात सहा वर्षं थरथरत होते.

"आणि घरात कुणा बाईची पाळी फार लवकर गेलीय का?"

मी बाजूच्या खुर्चीवर डब्याची पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. माझी छत्तिसाव्या वर्षी गेली.

त्या खोलीत काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. आमच्या घरात तीन दुःखं होती आणि तिन्ही वेगवेगळ्या खोल्यांत राहत होती. बाबांच्या हातांचं एक, मला मूल न झाल्याचं एक आणि भाच्याचं एक. प्रत्येकाचे वेगळे डॉक्टर, वेगळ्या गोळ्या, वेगळे नवस. त्या बाईंनी दोन प्रश्नांत मधल्या भिंती काढून टाकल्या. तिन्ही एकच होतं. त्याचं नाव फ्रॅजाइल एक्स.

आपल्या पेशीपेशीत जो मजकूर असतो, त्यात एक्स गुणसूत्राच्या टोकाकडे एफएमआर-१ नावाचं जनुक आहे. त्याच्या सुरुवातीला सी-जी-जी ही तीन अक्षरं पुन्हा पुन्हा येतात. बहुतेकांत साधारण तीस वेळा. पिढी दर पिढी मजकूर उतरवला जाताना इथे हात घसरतो आणि तीच तीन अक्षरं जास्त वेळा लिहिली जातात. ५५ ते २०० च्या मध्ये असतील तर माणूस वाहक. त्याला प्रीम्युटेशन म्हणतात. दोनशेच्या वर गेली की पेशी त्या जनुकाला कुलूपच लावते. मागचा मजकूर शाबूत असतो, पण तो वाचला जात नाही. बाबांचे ८२ निघाले, माझे ८६, बहिणीचे ९४. भाच्याच्या रिपोर्टवर आकडाच नव्हता, फक्त 'दोनशेहून अधिक'.

बापाचं एक्स मुलीला जातं, मुलाला वाय. म्हणजे बाबांचा तो मजकूर आम्हा दोघींकडे येणार हे ठरलेलंच होतं. भाऊ असता तर तो सुटला असता. बापाकडून मुलीकडे येताना अक्षरं फारशी वाढत नाहीत. वाढतात ती आईकडून मुलाकडे किंवा मुलीकडे जाताना. त्यामुळे आजोबा शाळेत शिकवतात, आई पदवीधर होते आणि नातवाला तीन शब्द जुळवायला सहा वर्षं लागतात. १९४३ साली मार्टिन आणि बेल या संशोधकांनी इंग्लंडमधल्या अशाच एका कुटुंबाच्या पिढ्या मांडून दाखवल्या होत्या, पण पिढीगणिक धोका वाढत का जातो हे १९९१ साली जनुक सापडेपर्यंत कोडंच होतं. मधल्या काळातली एक हकीकत मला फार आवडते. १९६९ मध्ये अमेरिकेत हर्बर्ट लब्ज यांना अशा मुलांच्या एक्सच्या टोकाशी तुटल्यासारखी फट दिसली. नंतर ती कित्येकांना दिसेना. ऑस्ट्रेलियात ग्रँट सदरलँड मेलबर्नहून अॅडलेडला गेले, तर मेलबर्नला दिसणाऱ्या फटी अॅडलेडला गायब. शेवटी १९७७ साली त्यांनी कारण शोधलं. पेशी वाढवायचं द्रावण बदललं होतं. नवं द्रावण जास्त सकस होतं, त्यात फॉलिक अॅसिड भरपूर होतं, आणि त्यात ती फट झाकली जायची. पेशींना उपाशी ठेवलं की दिसायची. या फटीवरून नाव पडलं, फ्रॅजाइल एक्स.

बाबांना सांगायचं कसं, हा मोठा प्रश्न होता. ते वाईच्या शाळेत भूगोल शिकवायचे. महाराष्ट्राचा नकाशा खडू न उचलता फळ्यावर काढायचे; कोकणपट्टीचे दात त्यांच्या हाताला पाठ होते. त्याच हातांना पार्किन्सन म्हणून गोळ्या चालू होत्या आणि गुण नव्हता. कारण त्यांचे हात मांडीवर असले की स्वस्थ असतात. काही घ्यायला गेले की थरथरतात, आणि कप ओठाजवळ येईल तशी थरथर वाढते. शिवाय तोल जातो. कृष्णेच्या घाटाच्या पायऱ्या त्यांनी त्यामुळेच सोडल्या. २००१ साली अमेरिकेत रँडी आणि पॉल हॅगरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा पाच वयस्क वाहक पुरुषांची नोंद केली. त्याआधी फ्रॅजाइल एक्सच्या मुलांच्या आया रँडी हॅगरमन यांच्याकडे येऊन आपल्या वडिलांबद्दल सांगत होत्या. हात थरथरतात, तोल जातो. तोवर वाहक पुरुषाला स्वतःला काही होत नाही असंच समजत असत. डॉक्टरबाईंनी बहिणीला तो प्रश्न विचारला, त्याच्या मागे अशा कितीतरी लेकी आहेत, असं मला वाटतं.

आम्ही बाबांना सगळं सांगितलं. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे माझ्याकडून आलं." वाईत जुन्या पोथ्या पुष्कळ. तरुणपणी त्यांनी त्या हाताळल्या होत्या. पोथी उतरवणारे लेखनिक शेवटी एक श्लोक लिहीत, तो त्यांनी म्हटला: यादृशं पुस्तकं दृष्टं तादृशं लिखितं मया, यदि शुद्धमशुद्धं वा मम दोषो न दीयते. जसं समोर दिसलं तसं मी उतरवलं. शुद्ध असो वा अशुद्ध, मला दोष देऊ नये. श्लोक म्हणून झाला आणि ते रडायला लागले. बहीण उठून त्यांच्याजवळ गेली आणि म्हणाली, "बाबा, मी त्या दिवशी विळी घेतली होती. मला आता आठवलं. आणि त्याने काहीही झालेलं नाही."

मानेकडे यायचं तर आधी मेंदूत जावं लागतं.

चेतापेशीला झाडासारख्या फांद्या असतात आणि फांद्यांवर अगदी बारीक काटे. १८८८ मध्ये सांतियागो रामॉन ई काहाल या स्पॅनिश शास्त्रज्ञाने कोंबडीच्या मेंदूत ते पाहिले. पुष्कळांना वाटलं की रंग देताना पडलेले डाग आहेत. काहालने हट्टाने दाखवून दिलं की काटे खरेच आहेत. या काट्यांवर दुसऱ्या पेशीचा निरोप येऊन पोहोचतो. त्या जागेला सिनॅप्स म्हणायचं. पक्क्या झालेल्या काट्याचा आकार अळंबीसारखा असतो, आखूड देठ आणि वर गोल डोकं. कोवळा काटा लांबुळका, बारीक आणि डगमगता. बाळाच्या मेंदूत असे कोवळे काटे भरपूर असतात. मूल वाढतं तसे कामाचे काटे भरतात, आखूड आणि जाड होतात आणि बिनकामाचे छाटले जातात.

फ्रॅजाइल एक्स असलेल्या माणसांच्या मेंदूत मृत्यूनंतर पाहिलं तेव्हा काटे कमी नव्हते, उलट जास्त होते. जास्त, लांब आणि बारीक. मी पहिल्यांदा त्याचं चित्र पाहिलं तेव्हा मला मटकी आठवली. फडक्यात बांधून विसरलेली मटकी. मोड येतात, पण येतच राहतात. पांढरे, लांब, एकमेकांत गुंतलेले, दाणा मात्र पोकळ.

हे समजेपर्यंत माझी समजूत उलटी होती. मला वाटायचं, याच्या मेंदूत तारा जोडलेल्याच नाहीत, म्हणून निरोप पोहोचत नाही, म्हणून तो बघत नाही. मेहुण्यांना मात्र मी सांगायला गेले तर अर्ध्या वाक्यात कळलं. ते म्हणाले, "म्हणजे खरड छाटणी झालीच नाही." एप्रिलमध्ये द्राक्षवेलीची खरड छाटणी करतात, जुन्या काड्या डोळ्यांपर्यंत कापून टाकतात. ती केली नाही तर वेल हिरवीगार दिसते, मांडव भरून जातो, पण सगळा जोर पाल्यात जातो आणि ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर घड धरत नाही. हा माणूस चार वर्षं दवाखान्यांत गप्प बसून असायचा. त्या दिवशी त्याने मला इतके प्रश्न विचारले की मला रात्री पुन्हा वाचायला बसावं लागलं.

ही छाटणी का होत नाही? त्या कुलूप लागलेल्या जनुकापासून एक प्रथिन तयार व्हायचं असतं, एफएमआरपी. चेतापेशी तिच्या फांद्यांच्या टोकापर्यंत प्रथिनांच्या कृती लिहून पाठवते, म्हणजे निरोप आला की तिथल्या तिथे जे लागेल ते बनवून घेता येतं. एफएमआरपी या कृतींना धरून असतं. निरोप आला तर सोडतं, गेला की पुन्हा धरतं. दूध तापत ठेवलं की कुणीतरी गॅसजवळ उभं राहावं लागतं, वर आलं की बारीक करायला. एफएमआरपी तेच करतं, आणि एकाच नाही, शेकडो भांड्यांजवळ. भाच्याच्या मेंदूत गॅसजवळ कुणी उभंच नाही. आच मोठीच राहते, प्रथिनं बनतच राहतात आणि जोडणी भरून पक्की व्हायच्या ऐवजी उतू जाते. ग्लुटामेट नावाच्या रसायनाचा निरोप झेलणारा पेशीवरचा एक ग्राहक, एमग्लुआर-५, ही आच वाढवतो असं अमेरिकेतल्या मार्क बेअर यांनी २००४ साली सहकाऱ्यांसोबत मांडलं. २००७ मध्ये त्यांच्याच प्रयोगशाळेत या ग्राहकाचं प्रमाण निम्म्यावर आणलेल्या उंदरांमध्ये बरेच बिघाड सुधारले.

आता कुकरची शिट्टी. पहिल्या शिट्टीला आपण जरा दचकतो, दुसरी ऐकतो, तिसरी नुसती मोजतो. मेंदू म्हणतो, कळलं, पुरे. फ्रॅजाइल एक्सच्या मुलांच्या तळहातावरच्या घामाची मोजणी करून पाहिलंय: आवाज, स्पर्श, वास यांना त्यांचं शरीर आपल्यापेक्षा जोरात उत्तर देतं, आणि तेच पुन्हा आलं तरी ते उत्तर ओसरत नाही. भाच्यासाठी तिसरी शिट्टीही पहिलीच असते. दहावीसुद्धा.

माणसाचा चेहरा तर शिट्टीपेक्षा कितीतरी मोठा. डोळे, भुवया, ओठ हलताहेत, आवाज येतोय, आणि वर तो माणूस आपल्याकडून काहीतरी अपेक्षा करतोय. ते सगळं एकदम, कमी न होता. म्हणून तो मान वळवतो. त्याला पाहुणा नको असता तर तो पाणी घेऊन आलाच नसता. त्याला पाहुणा हवा असतो, इतका की तो जवळ आल्यावर झेपत नाही. मान वळवून तो आच बारीक करतो, हाताने, स्वतःची स्वतः. आणि पाणी देतो. एवढं सगळं करून देतो.

हे कळल्यावर आम्ही घरात एक गोष्ट बदलली. "बघ माझ्याकडे" हे वाक्य बंद केलं. त्याच्यासमोर बसायचं नाही, शेजारी बसायचं. शाळेत बाईंनी त्याला भिंतीकडेच्या बाकावर जागा दिली, गर्दी एकाच बाजूने येईल अशी. एसटीत तो सगळ्यात छान बोलतो, कारण तिथे सगळेच एका दिशेला बघत असतात. आजोळहून पुण्याला जाताना तो खिडकीशी बसतो आणि कंडक्टरच्या आवाजात, अगदी त्याच हेलात सांगत जातो: "सुरूर, सुरूर! खंडाळा! शिरवळवाले पुढं या!" थांबे त्याला एकदा ऐकून पाठ झाले. पुन्हा पुन्हा म्हणतो, दहादा म्हणतो. चौथ्यांदा माझं लक्ष उडतं, आणि मग मला शिट्टी आठवते.

औषधाचं काय, असं मला कुणीही विचारतं. मीही रात्र रात्र तेच शोधत होते. उंदरांवर इतकं छान काम झालं होतं की सगळ्यांना वाटलं आता झालंच. एमग्लुआर-५ थोपवणारं औषध नोव्हार्टिस या औषध कंपनीने माणसांवर तपासलं, फरक दिसला नाही, २०१४ मध्ये थांबवलं. इतर औषधांचंही तसंच झालं. आम्हाला निदान मिळायच्या कितीतरी आधीची ती बातमी मी वाचली तेव्हा काल घडल्यासारखी लागली. पण काम थांबलेलं नाही, आणि त्यातलं काही आपल्याकडेही होतंय. बंगळुरूच्या एनसीबीएस या संशोधन संस्थेत सुमंत्र चटर्जी यांच्या गटाने भीती आणि भावना सांभाळणाऱ्या अमिग्डला या भागातल्या जोडण्या पाहिल्या, आणि फ्रॅजाइल एक्सच्या उंदरांमध्ये तिथले काही बिघाड औषधाने उलटवता येतात हे २०१० साली दाखवलं. मुंबईत पालकांनी उभी केलेली फ्रॅजाइल एक्स सोसायटी आहे. मला यात आशा वाटते आणि मी ती लपवत नाही. पण भाचा बारा वर्षांचा आहे, आणि त्याला आजचा दिवस बरा जावा म्हणून लागणारी गोष्ट औषध नाही. समोरच्याला मानेचा अर्थ कळला तरी त्याचं पुष्कळ भागतं.

दिवाळीत सगळे वाईला होतो. बाबा चहा प्यायला बसले. कप उचलला तशी बशीत चहा सांडायला लागला. भाचा कुठूनसा आला, त्याने बाबांच्या कोपराखाली आपला मऊ तळवा लावला आणि मान वळवून दाराकडे बघत उभा राहिला. कप ओठाला लागला. बाबा सावकाश प्याले. कुणी काही बोललं नाही; आई फक्त फुटलेल्या दाण्यांची ताटली इकडून तिकडे सरकवत राहिली.

एक काम मात्र राहिलं होतं. बाबांकडे हे त्यांच्या आईकडून आलं. म्हणजे माझ्या आत्यांकडेही आलेलं असू शकतं, आणि त्यांच्याकडून त्यांच्या मुलींकडे. हे सांगायला हवं, यात मला शंका नव्हती. घरातल्यांना होती. आतेबहिणीच्या मुलीचं लग्न जमतंय, आत्ताच कशाला, चार लोकांत बोभाटा होईल, स्थळ मोडेल. या बोलण्यातली भीती खरी आहे, मला ती समजते. पण माझ्या छत्तिसाव्या वर्षी कुणी मला एवढं एक वाक्य सांगितलं असतं, तर मी पुढची पाच वर्षं स्वतःला कशाकशासाठी बोल लावत बसले नसते. आणि बहिणीला विळीच्या आठवणीपायी इतकी वर्षं झोप गमवावी लागली नसती. साधी रक्ततपासणी आहे. वाहक आहे असं कळलं तर पुढे मूल होताना काय करता येतं, हे समजावून सांगायला जेनेटिक काउन्सेलर असतात.

गणपतीच्या सुमारास मी आतेबहिणीला फोन केला. बाबांच्या हातांपासून सुरुवात केली, माझ्यापर्यंत आले, मग भाच्याचं सांगितलं. ती मध्ये एकदाही बोलली नाही. शेवटी "बरं" म्हणाली आणि फोन ठेवला. दिवाळीला आली नाही. फराळाचा डबाही पाठवला नाही, जो ती दर वर्षी पाठवते. आई म्हणाली, मी सांगत होते. मी काही बोलले नाही.

परवा सकाळी तिचा फोन आला. खुशाली विचारली नाही, मुलीच्या लग्नाचं काही बोलली नाही. एवढंच विचारलं, "त्या टेस्टला उपाशीपोटी जावं लागतं का गं?"

म्हटलं, नाही. चहा पिऊन जा.